डच लीग स्वस्त, इंग्लिश लीग महाग: टीव्हीचे पैसे नक्की ठरतात कसे?

आजच्या एपिसोडमध्ये आकडे जरा जास्त आहेत. ऐकताना ते कानावरून निघून जातात, म्हणून इथे नीट लिहून देतोय. हिशेबापुरतं 1 युरो म्हणजे साधारण 100 रुपये धरा, पौंड त्याहून थोडा महाग.

सुरुवात आयाक्सपासून करू. 2019 ची चॅम्पियन्स लीग आठवते? ॲमस्टरडॅमच्या या पोरांनी रेआल माद्रिदला माद्रिदमध्ये हरवलं, युव्हेंटसला तुरीनमध्ये हरवलं आणि सेमीफायनल गाठली. तिथे टॉटनहॅमने अगदी शेवटच्या क्षणी गोल करून त्यांचा घास काढून घेतला. पण खरी गंमत पुढे आहे. त्याच उन्हाळ्यात फ्रेंकी डी यॉंग बार्सिलोनाला गेला आणि डी लिख्त युव्हेंटसला. इतकी भारी टीम, मग पोरं टिकवता का येत नाहीत?

कारण मैदानाबाहेर आहे. ते टीव्हीच्या पैशात आहे.

विकलं काय जातं?

लीग मॅच विकत नाही, हक्क विकते. म्हणजे अमुक देशात, अमुक वर्षं, आमच्या मॅचेस फक्त तुम्हीच दाखवायच्या. चॅनल किंवा ॲप बोली लावतं. बोली लावणारा एकच हिशेब करतो: यातून मला सबस्क्रिप्शन किती मिळतील आणि जाहिराती किती? म्हणून पहिला प्रश्न येतो, घरात माणसं किती?

नेदरलँड्समध्ये साधारण 1.8 कोटी लोक. 2012 मध्ये फॉक्सने तिथल्या लीगचे 12 हंगामांचे हक्क घेतले, सुमारे 100 कोटी युरोंना. वर्षाला झाले 8 कोटींच्या आसपास. आता इंग्लंडकडे बघा. ब्रिटनची लोकसंख्या जवळपास 7 कोटी. प्रीमियर लीगचा 2025 ते 2029 चा घरचा करार 670 कोटी पौंडांचा, म्हणजे वर्षाला 167 कोटींहून जास्त.

लोकसंख्या चौपट, पैसे मात्र वीसपट! म्हणजे फक्त डोकी मोजून उत्तर येत नाही. एक कारण म्हणजे मोठ्या बाजारात दोन-तीन श्रीमंत कंपन्या एकमेकांवर बोली चढवतात. लहान बाजारात एकच गिऱ्हाईक असलं की भाव तोच ठरवतो.

भाषा कुठे कामाला येते?

इथे जर्मनी मध्ये आणू. जर्मनीत लोक ब्रिटनपेक्षा जास्त, 8.3 कोटींच्या घरात. बुंडेसलीगाला घरच्या हक्कांचे वर्षाला 112 कोटी युरो मिळतात. वाईट नाही. पण परदेशातून मिळतात जेमतेम 20 कोटी युरोंच्या आसपास. प्रीमियर लीगचं उलटं आहे. 2022 पासून तिला घरच्यापेक्षा परदेशातून जास्त पैसे येतात.

यात इंग्रजीचा हात मोठा आहे. इंग्लंडमधली कॉमेंट्री, मुलाखती, मॅनेजरची प्रेस कॉन्फरन्स, पेपरातल्या अफवा, सगळं जसंच्या तसं अमेरिकेत, नायजेरियात, भारतात चालतं. भाषांतराचा खर्च नाही, उशीर नाही. मॅच 90 मिनिटांची असते, पण चर्चा आठवडाभर चालते आणि ती चर्चाच प्रेक्षक टिकवून धरते. अमेरिकेत एनबीसीने 6 हंगामांसाठी 270 कोटी डॉलर मोजले, ते उगाच नाही.

स्पॅनिशचंही तसंच. ला लीगासाठी ईएसपीएनने अमेरिकेत 8 वर्षांचा 140 कोटी डॉलरचा करार केला. मेक्सिकोची लीगा एमएक्स अमेरिकेत टीव्हीवर भरपूर पाहिली जाते, कारण तिथे करोडो लोक घरी स्पॅनिश बोलतात. डच भाषेला असा दुसरा मोठा श्रीमंत बाजारच नाही.

पण भाषा म्हणजे सगळं नव्हे

आता उलटं उदाहरण. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड. चौघे मिळून 2.75 कोटी लोक, आणि इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नाही. तरी प्रीमियर लीगचे तिथले 2022 ते 2028 चे हक्क सुमारे 200 कोटी पौंडांना गेले. माणशी वर्षाला 12 पौंड! कारण? खिसे भरलेले, आणि सवय जुनी. नॉर्वेच्या सरकारी टीव्हीवर 1969 पासून दर शनिवारी इंग्लिश मॅच दाखवायचे. आजोबांनी लावलेली सवय नातू पैसे देऊन पुढे चालवतोय.

आणि चीन? 140 कोटी लोक. पीपीटीव्हीने 3 हंगामांसाठी सुमारे 70 कोटी डॉलर कबूल केले. 2020 मध्ये पैशांवरून बिनसलं आणि करारच मोडला. डोकी आहेत, पण मॅचसाठी पैसे मोजायची सवय तेवढी रुजलेली नाही, तर आकडा कागदावरच राहतो.

आता आपलं घर

आयपीएलचे 2023 ते 2027 चे हक्क गेले 48,390 कोटी रुपयांना. 2023 मध्ये जिओसिनेमावर 12 भाषांत कॉमेंट्री होती, मराठी आणि भोजपुरीसुद्धा.

आता फुटबॉल. 2010 मध्ये रिलायन्सने फुटबॉल महासंघाशी व्यावसायिक हक्कांचा करार केला. 15 वर्षांचे 700 कोटी रुपये. माणशी वर्षाला 40 पैसेसुद्धा नाहीत. तो करार संपत आला आणि 2025-26 चा आयएसएल हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. नव्या टेंडरला नोव्हेंबर 2025 मध्ये एकही बोली आली नाही. देश तोच, 140 कोटी तेच. एफसी गोवा, मुंबई सिटी अशा क्लबांचे खेळाडू आणि कर्मचारी मात्र टांगणीला लागले.

आणि एक आकडा लक्षात ठेवा. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले 8.3 कोटी लोक होते. म्हणजे जवळपास अख्खी जर्मनी! डोकी आहेत, भाषा आहे. कमी आहे ती सवय आणि पैसे देणारं गिऱ्हाईक. सवय केरळ आणि बंगालमध्ये दिसते, आणि आयएसएलची मल्याळम आणि बंगाली कॉमेंट्री त्याच जोरावर उभी राहिली.

तर पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘भारत केवढा मोठा बाजार आहे’, तर त्याला तीन प्रश्न विचारा. बघणारे किती? त्यांच्या भाषेत रोज चर्चा होते का? आणि त्यातले पैसे देणारे किती? हा गुणाकार आहे मंडळी, बेरीज नाही. एक आकडा शून्य झाला की सगळंच शून्य.

तुम्ही शेवटची आयएसएल मॅच कधी आणि कुठल्या भाषेत पाहिलीत? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!