ड्रग्ज तर सापडले, मग आरोपी सुटतो कसा? मुद्देमाल आणि सीलची गोष्ट

ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचं नाव देशभरातल्या बातम्यांमध्ये होतं. महसूल गुप्तचर संचालनालय म्हणजे डीआरआय आणि अहमदाबाद पोलिसांची गुन्हे शाखा यांनी मिळून शहर परिसरात आणि पैठणमध्ये छापे टाकले. कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइन जप्त झालं. एकट्या कोकेनचं वजन सुमारे २३ किलो होतं आणि अवैध बाजारात एकूण मालाची किंमत २५० कोटींहून जास्त आहे, असं डीआरआयने तेव्हा सांगितलं.

अशी कारवाई झाली की टेबलावर मांडलेली पाकिटं आणि मागे उभे अधिकारी, असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. बघणाऱ्याला वाटतं, आता आरोपी आत गेलेच. पण खटला उभा राहतो तेव्हा कोर्टात विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो: जागेवर सापडलं तेच पाकीट प्रयोगशाळेत गेलं का? आणि तेच आज कोर्टासमोर आहे का?

योगायोग असा, की त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने २० किलो हेरॉइनच्या एका जुन्या खटल्यात आरोपीची शिक्षा रद्द केली. जप्ती २००० सालची होती. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढल्याचं आणि मालाची यादी मॅजिस्ट्रेटने प्रमाणित केल्याचं सरकार पक्षाला दाखवता आलं नाही. त्यामुळे पुराव्याचा पायाच ढासळला.

एवढा काटेकोरपणा कशासाठी?

अमली पदार्थांचे खटले एनडीपीएस कायद्याखाली, म्हणजे १९८५ च्या कायद्याखाली चालतात. हा कायदा कडक आहे. ‘व्यावसायिक प्रमाणात’ माल सापडला तर किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड होतो. जामीन मिळणंही फार अवघड असतं. शिवाय माल ताब्यात सापडल्याचं सिद्ध झालं, की तो आपल्याला माहीत नव्हता हे आरोपीलाच दाखवून द्यावं लागतं.

म्हणजे सगळा खटला ‘ताब्यात काय सापडलं आणि किती’ यावर उभा असतो. पाकीट बदललं, त्यात भर पडली किंवा दुसऱ्याच गुन्ह्यातला माल त्यात मिसळला, तर निरपराध माणूस २० वर्षांसाठी तुरुंगात जाऊ शकतो. उलट खरा तस्कर त्याच शंकेचा फायदा घेऊन बाहेर पडू शकतो. शिक्षा जितकी मोठी, तितकी प्रक्रिया चोख पाहिजे, असं न्यायालयं वारंवार सांगतात ते यामुळेच.

जप्तीच्या जागी काय व्हायला हवं?

पहिली गोष्ट पंचनामा. स्वतंत्र पंचांसमोर माल मोजायचा, त्याचं वर्णन लिहायचं आणि सह्या घ्यायच्या. माल कुठे सापडला, किती पाकिटं होती, रंग काय, बांधणी कशी, हे सगळं त्यात येतं.

वजन हा कळीचा मुद्दा आहे, कारण शिक्षा वजनावर ठरते. गांजासाठी व्यावसायिक प्रमाण २० किलो, कोकेनसाठी १०० ग्रॅम आणि मेफेड्रोनसाठी अवघं ५० ग्रॅम आहे. समजा, गोणीसकट गांजा २०.४ किलो भरला आणि गोणीचं वजन ६०० ग्रॅम आहे. मग खरा गांजा १९.८ किलोच झाला आणि गुन्हा खालच्या गटात गेला. म्हणून बारदानासह वजन आणि निव्वळ वजन, दोन्ही लिहावं लागतं. मात्र पावडरमध्ये भेसळ असेल तर संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

सील नेमकं काय करतं?

लाखेचं सील म्हणजे कुलूप नव्हे. ते कोणीही फोडू शकतं. पण एकदा फोडलं की ते फोडलंय, हे लपत नाही. सीलचं काम तेवढंच आणि तेच महत्त्वाचं.

म्हणून पाकिटावर सील लावताना त्याच सीलचा ठसा कागदावरही घेतला जातो. हा नमुना ठसा प्रयोगशाळेकडे जातो. तिथे पाकीट उघडण्याआधी दोन्ही ठसे जुळतात का आणि सील शाबूत आहे का, ते पाहिलं जातं. पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी असते. बचाव पक्षाचे वकील उलटतपासणीत नेमकं इथेच बोट ठेवतात. सीलवर अक्षरं कोणती होती? चिठ्ठीवर सही कोणाची? सील वापरून झाल्यावर ते कोणाकडे राहिलं? ज्याच्या ताब्यात माल आहे त्याच्याच खिशात सील असेल, तर सील फोडून पुन्हा लावायला अडवणार कोण?

कायद्याने यावर एक उपाय ठेवला आहे. कलम ५५ नुसार माल पोलीस ठाण्यात आला की ठाणे प्रमुखाने तो सुरक्षित ताब्यात घ्यायचा. माल आणणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर सील लावू द्यायचं आणि नमुन्यांवर ठाणे प्रमुखाचं सीलही लागायला हवं. एका ऐवजी दोन हात आले, की गडबड करणं अवघड होतं. कलम ५७ नुसार अटक किंवा जप्तीचा संपूर्ण अहवाल ४८ तासांत वरिष्ठांना द्यावा लागतो.

मॅजिस्ट्रेटची गरज का?

पूर्वी बऱ्याच ठिकाणी जागेवरच नमुने काढले जायचे. २०१६ च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कलम ५२-अ नुसार नमुने मॅजिस्ट्रेटच्या उपस्थितीत आणि देखरेखीखाली काढायला हवेत. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जप्ती, साठवणूक, नमुने आणि विल्हेवाट याबद्दलचे नवे नियम आणले.

या पद्धतीनुसार तपास अधिकारी मालाची यादी तयार करतो आणि मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतो. मॅजिस्ट्रेट यादी तपासून प्रमाणित करतात. त्यांच्यासमोर मालाचे फोटो काढले जातात आणि नमुने घेतले जातात. नमुना दोन प्रतींत असतो. बहुतेक पदार्थांसाठी तो किमान ५ ग्रॅमचा, तर अफू, गांजा आणि चरस यांच्यासाठी किमान २४ ग्रॅमचा घ्यायचा असतो.

याचा एक मोठा फायदा आहे. शेकडो किलो माल वर्षानुवर्षं मुद्देमाल खोलीत पडून राहिला तर चोरीची आणि सडण्याची भीती असते. मॅजिस्ट्रेटने प्रमाणित केलेली यादी, फोटो आणि नमुने हे कोर्टात प्राथमिक पुरावा म्हणून चालतात. त्यामुळे बाकीचा माल रीतसर नष्ट करता येतो.

मुद्देमाल खोली ते प्रयोगशाळा

छत्रपती संभाजीनगरमध्ये प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. नमुना ठाण्यातून तिथे पोहोचेपर्यंत प्रत्येक हाताची नोंद लागते. मुद्देमाल रजिस्टरमध्ये माल कधी आला, नमुना कोणत्या तारखेला आणि कोणत्या कर्मचाऱ्यासोबत पाठवला, प्रयोगशाळेची पोच कधी मिळाली, या नोंदी एकमेकींशी जुळायला हव्यात. नव्या नियमांनुसार प्रयोगशाळेने नमुना मिळाल्यापासून १५ दिवसांत अहवाल देणं अपेक्षित आहे.

या साखळीतली एक कडी निसटली तरी प्रश्न उभा राहतो. जप्ती सोमवारी झाली, नमुना महिन्याभराने गेला आणि मधल्या काळात तो कुठे होता याची नोंदच नसेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही पक्का असला तरी तो कोणत्या पाकिटाबद्दल आहे, हे सांगता येत नाही.

म्हणजे एक चूक झाली की आरोपी सुटतोच का?

नाही. सोशल मीडियावर इथेच सर्वात जास्त गैरसमज दिसतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कलम ५२-अ च्या पालनात उशीर किंवा त्रुटी राहिली एवढ्याच कारणावरून आरोपीला जामिनाचा हक्क मिळत नाही. जानेवारी २०२५ मधल्या निकालातही न्यायालयाने म्हटलं, की या कलमाचं पालन न होणं हे आपोआप निर्दोष सुटकेचं कारण ठरत नाही. इतर पुरावा भक्कम असेल, तर शिक्षा होऊ शकते. पण त्या चुकीमुळे जप्तीबद्दलच शंका निर्माण झाली, तर फायदा आरोपीला मिळेल.

थोडक्यात, कोर्ट चुका मोजत बसत नाही. त्या चुकीमुळे ‘माल तोच आहे का’ या प्रश्नाचं उत्तर डळमळतं का, हे कोर्ट पाहतं.

आता व्हिडिओचीही साक्ष

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं, यादी करण्यापासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत, ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे. त्यासाठी मोबाइलही चालतो. हे चित्रीकरण विलंब न लावता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. पंच फितूर झाले, तरी पाकीट कसं बांधलं आणि सील कधी लागलं, हे त्यात दिसू शकतं.

तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर?

लेखी आदेशाने बोलावल्यावर योग्य कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा ठरू शकतो. पण पंच म्हणजे सहीपुरता माणूस नव्हे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. वजन काट्यावर स्वतः पाहा. पाकीट तुमच्यासमोर बंद झालं का आणि सील तुमच्यासमोर लागलं का, याकडे लक्ष द्या. जे पाहिलं नाही, ते लिहिलं असेल तर तिथेच सांगा. काही वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्हाला तेच विचारलं जाणार आहे.

पुढच्या वेळी ‘कोट्यवधींचे ड्रग्ज जप्त’ अशी पोस्ट दिसली, की किमतीचा आकडा जरूर वाचा. पण तो खटला टिकेल की नाही, हे त्या आकड्यावर ठरत नाही. ते ठरतं काट्यावरच्या वजनावर, रजिस्टरमधल्या तारखांवर आणि लाखेच्या त्या छोट्याशा ठशावर.