शेतकामासाठी गमबुटांची निवड आणि निगा

पेरणीपूर्वी आपण बियाण्याला बुरशीनाशक चोळतो. बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून पत्री मारून घेतो. फवारणी पंपाचे नोझल घासले की नवीन बसवितो. मात्र ज्या पायांवर हंगामाचे सगळे काम उभे असते, त्या पायांसाठी वेगळा खर्च करण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. जुनी चप्पल किंवा अनवाणी पाय हेच शेतातील नेहमीचे चित्र आहे. अलीकडे काही शेतकरी गमबूट घेऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु घाईने घेतलेला गमबूट पायाला चावतो, चिखलात निसटतो, आतून घामाने भिजतो आणि दोन-चार दिवसांत गोठ्याच्या कोपऱ्यात पडतो. खुंटीला टांगलेला बूट कोणाचेच रक्षण करीत नाही. म्हणून बूट निवडताना ‘हा दिवसभर पायात राहील काय?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

पायांना धोका कोणता?

१. सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. यांतील सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्यातील होते. शेतात काम करणाऱ्यांना होणारे बहुतेक दंश पावलाला, घोट्याला किंवा नडगीच्या खालच्या भागाला होतात. रात्री उसाला, गव्हाला किंवा कांद्याला पाणी देताना, गवत कापताना आणि पाचट गोळा करताना हा धोका अधिक असतो. दिवसा वीज देण्याच्या योजना राबविल्या जात असल्या, तरी पाळीप्रमाणे रात्री दारे धरण्याचे काम अनेक ठिकाणी अजूनही करावे लागते.

२. लेप्टोस्पायरोसिस : या रोगाचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात मिसळतात आणि माणसाच्या कातडीवरील जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. कोकणात भातलावणीच्या काळात आणि त्यानंतर या रोगाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

३. अंकुशकृमी व चिखल्या : विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतील अंकुशकृमीच्या सूक्ष्म अळ्या पायाच्या कातडीतून आत जातात. पुढे हे कृमी आतड्यात राहून रक्त शोषतात व पंडुरोग होतो. सतत ओल्या राहणाऱ्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी वाढून चिखल्या होतात. चिखल्यांनी फुटलेली कातडी म्हणजे इतर जंतूंना उघडे दारच होय.

४. फवारणीची औषधे : सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. फवारणी करणारा माणूस भिजलेल्या पिकातून चालतो, तेव्हा त्याच्या पायांना व पोटऱ्यांना सतत औषध लागत असते.

बुटाचा माल ओळखा

नैसर्गिक रबर : हा बूट लवचीक असतो, घोट्यात सहज वाकतो आणि ओल्या जमिनीवर चांगली पकड देतो. मात्र डिझेल, ऑईल, ग्रीस आणि दुधातील स्निग्धांश यांमुळे रबर फुगते व मऊ पडते. कडक उन्हात ठेवल्यास त्याला बारीक चिरा जातात.

पी.व्ही.सी. : बाजारात हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. तो स्वस्त असतो, एकसंध साच्यात ओतलेला असल्याने सहसा गळत नाही आणि तेलाला रबरापेक्षा अधिक दाद देत नाही. परंतु तो ताठर असतो. हलक्या प्रतीचा माल घोट्याच्या घडीवर लवकर तडकतो.

पॉलियुरेथेन : वजनाला हलका व टिकाऊ असतो. गोठ्यात दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांना तो सोयीचा आहे. किंमत मात्र बरीच जास्त असते.

चामडी बूट : कोरड्या, खडकाळ जमिनीवर पायाला सर्वांत आरामदायक हेच असतात. पण चामडे पाणी व औषध दोन्ही शोषून घेते. कीटकनाशक शोषलेले चामडे धुऊन स्वच्छ होत नाही. म्हणून चामडी बूट फवारणीसाठी कधीही वापरू नयेत.

डोंगर चढण्यासाठी मिळणाऱ्या काही महागड्या बुटांत पाणी रोखणारा पातळ पडदा असतो. दवाच्या गवतातून चालायला ते चांगले असतात. मात्र घोट्याच्या वर पाणी आले की ते वरून भरतात आणि चिखलाने माखले की लवकर वाळत नाहीत. पाटपाण्याच्या शेतीसाठी हा खर्च करू नये.

कामानुसार निवड

रात्रीचे पाणी देणे, गवत कापणी : गुडघ्याखालपर्यंत येणारा, साधारण ३५ सें.मी. उंचीचा बूट घ्यावा. विजार बुटाच्या आत खोचावी. बूट पोटरीला घट्ट चिकटलेला नसावा. बूट आणि कातडी यांमध्ये थोडी मोकळी जागा राहिल्यास दात आतपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होते. तरीही घोणसाचे दात लांब असतात. बुटाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. बॅटरी आणि काठी सोबत हवीच.

फवारणी : अस्तर नसलेला उंच गमबूट वापरावा, कारण कापडी अस्तर औषध धरून ठेवते. येथे विजार बुटाच्या बाहेर सोडावी. आत खोचल्यास अंगावरून ओघळणारे औषध सरळ बुटात उतरते. रात्रीच्या पाण्यासाठी विजार आत आणि फवारणीसाठी बाहेर, हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

गोठा : शेण व मूत्राने निसरड्या झालेल्या फरशीवर तळाची पकड महत्त्वाची असते. पी.व्ही.सी. किंवा पॉलियुरेथेनचा बूट घ्यावा. दुभते जनावर पाय आपटते, तेव्हा पुढचा भाग जाड असलेला बूट बोटांना वाचवितो.

भातलावणी : साधा गमबूट चिखलणी केलेल्या खाचरात चालत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. चिखल बूट ओढून धरतो, पाय उचलताना टाच सुटते आणि तासाभरात माणूस थकतो. जपानमध्ये लावणीसाठी पातळ रबराचे, पायाला मोज्यासारखे घट्ट बसणारे लांब बूट वापरले जातात. तसा बूट मिळाल्यास तो घ्यावा. न मिळाल्यास साधा गमबूट रोपवाटिका, बांधबंदिस्ती व पाणी काढणे या कामांसाठी वापरावा. पायाला जखम असलेल्या व्यक्तीने लावणीच्या चिखलात उतरू नये. उतरणे भागच असेल तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि बाहेर आल्यावर साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

कोरडवाहू व डोंगर उताराची जमीन : तूर, कपाशीची धसकटे पातळ तळातून आरपार जातात. येथे जाड तळाचा, नाडीने घोट्याला आवळता येणारा बूट उपयोगी पडतो. उतारावर गमबुटात पाय पुढे सरकतो, बोटांना मार बसतो व टाचेला फोड येतात.

माप कसे घ्यावे?

१. माप सायंकाळी घ्यावे. दिवसभराच्या कामाने पाऊल थोडे फुगलेले असते.

२. मोजे घालून कागदावर उभे राहावे. टाच आणि सर्वांत लांब बोट यांच्या खुणा करून अंतर मोजावे. दोन्ही पाय मोजावेत व मोठ्या पायाचे माप धरावे.

३. या लांबीपेक्षा बूट आतून १ ते १.५ सें.मी. जास्त असावा. पाय पुढे सरकविल्यावर टाचेमागे एक बोट आरामात गेले पाहिजे.

४. चवड्याची रुंदी तपासावी. अनवाणी चालणाऱ्या माणसाचा चवडा रुंद असतो. चवड्यावर दाबणारा बूट पुढे सैल होईल, अशी आशा ठेवू नये. पी.व्ही.सी. फारसे ताणत नाही.

५. दुकानात दहा पावले चालावे आणि दोन-तीनदा उकिडवे बसावे. टाच सारखी वर सुटत असेल किंवा बुटाचा काठ पोटरीत रुतत असेल तर तो बूट घेऊ नये.

येथे भगिनींचा विचार आवर्जून करावा लागेल. लावणी, खुरपणी, गवत कापणी आणि गोठ्यातील बहुतेक काम त्या करतात, पण घरात गमबुटांचा एकच जोड असतो आणि तो पुरुषाच्या मापाचा असतो. दोन नंबर मोठा बूट म्हणजे पायाला दीड सें.मी.पेक्षाही जास्त सैल. असा बूट चिखलात निसटतो आणि पाय मुरगळतो. दुकानदाराकडे ४ व ५ नंबरची मागणी करावी. बचत गटाने एकत्र मागणी नोंदविल्यास लहान मापे मिळणे सोपे जाते. सालगड्याला दिलेला बूटही त्याच्याच मापाचा असावा.

खरेदी करताना काय पाहावे?

• रबरी बुटांसाठी आय.एस. ५५५७ आणि पी.व्ही.सी. बुटांसाठी आय.एस. १२२५४ हे भारतीय मानक क्रमांक आहेत. बुटावर आय.एस.आय. चिन्ह व क्रमांक आहे काय ते पाहावे.

• चिखलासाठी तळाच्या खाचा खोल व एकमेकींपासून दूर असाव्यात, म्हणजे माती आपोआप गळून पडते. जवळजवळच्या बारीक खाचा चिखलाने भरतात आणि तळ गुळगुळीत होतो.

• टाचेला स्पष्ट कड असावी. उतारावर ती पाय रोखून धरते.

• बूट घोट्यात वाकवून पाहावा. घडीवर पांढरट रेघ उमटल्यास माल कमी प्रतीचा समजावा.

• घरी आणल्यावर बुटात कोरडा वर्तमानपत्राचा कागद भरून तो घोट्याच्या वरपर्यंत बादलीतील पाण्यात पंधरा मिनिटे धरून ठेवावा. कागद ओला झाल्यास बूट बदलून घ्यावा.

वापर आणि निगा

गमबुटात पाणी बाहेरून येत नाही, त्याचप्रमाणे घामही बाहेर जात नाही. अनेकांना बूट नकोसा होतो तो यामुळेच. त्यासाठी मोज्यांचे दोन जोड ठेवून दुपारी ओला जोड बदलावा. सुखतळा काढता येणारा असावा व रोज वाळवावा. दुपारच्या सुट्टीत बूट काढून पाय मोकळे करावेत.

काम संपल्यावर बूट धुऊन सावलीत खुंटीवर उलटे टांगावेत. फवारणीचे बूट साबणाने आतून-बाहेरून धुवावेत व शक्यतो वेगळे ठेवावेत. बूट स्वच्छ करण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरू नये. काट्याने पडलेले छिद्र रबरी बुटाला सायकलच्या पंक्चरप्रमाणे बुजविता येते; पी.व्ही.सी. बुटाला मात्र पी.व्ही.सी.चेच चिकटद्रव्य लागते. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी बूट उलटा करून आपटावा. आत विंचू बसलेला असू शकतो.

दोन गोष्टींबाबत विशेष सावध राहावे. पहिली म्हणजे, गमबूट घातला म्हणून ओल्या हाताने स्टार्टर किंवा उघड्या वायरला हात लावू नये. विजेच्या कामासाठी चाचणी केलेले बूट वेगळे असतात. दुसरी म्हणजे, गमबूट घालून शेततळ्यात किंवा खोल पाण्यात उतरू नये. पाण्याने भरलेला बूट पायाला जड होतो आणि प्लॅस्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही.

बूट असूनही सर्पदंश झाल्यास अवयव घट्ट बांधू नये, चिरा देऊ नये व मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रुग्णाची हालचाल थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात तातडीने न्यावे. लावणीच्या दिवसांत ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्या दुखणे अशी लक्षणे दिसल्यास नुसती तापाची गोळी घेऊन थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण चिखलात काम करीत होतो, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

साध्या गमबुटांचा जोड काही शे रुपयांत मिळतो व नीट निगा राखल्यास एकापेक्षा अधिक हंगाम टिकतो. खरिपाच्या खर्चाचा अंदाज बांधताना बियाणे, खते व औषधे यांच्या यादीत घरातील प्रत्येक राबणाऱ्या व्यक्तीच्या मापाच्या बुटांचीही नोंद शेतकरी बंधू-भगिनींनी करावी. ही खरेदी मृग निघण्यापूर्वी करावी, म्हणजे पाऊस पडेपर्यंत बूट घालण्याची सवय होते आणि ऐन हंगामात ते पायात राहतात.