परगावच्या विद्यार्थ्याचा पहिला हंगाम

दरवर्षी पावसाळा सरता सरता दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत नवे विद्यार्थी दाखल होतात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथे पदवी घेतलेली आपली मुले-मुली अखिल भारतीय प्रवेश परीक्षेच्या मार्गाने येथे येतात. त्यांच्याच वर्गात नेपाळ, इथिओपिया, अफगाणिस्तान, म्यानमार या देशांतून आलेले विद्यार्थीही बसतात. खरे तर ही संस्थाच परगावाहून आलेली आहे. १९०५ साली बिहारमधील पुसा या गावी ती स्थापन झाली, १९३४ च्या भूकंपात तिची मुख्य इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीला आली. येताना गावाचे नाव सोबत घेऊन आली, ते आजही सर्वांच्या तोंडी आहे. १९५८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

परगावच्या विद्यार्थ्यांचा विषय निघाला की चर्चा बहुधा शिष्यवृत्ती आणि जागांच्या संख्येवर येऊन थांबते. विद्यार्थी टिकतो की खचतो, हे मात्र पुष्कळदा पहिल्या काही महिन्यांतील बारीकसारीक गोष्टींवर ठरते. आपण गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे आपण मानतो आणि उपाय सुरू करतो. बोंडे किडण्याची वाट पाहत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. एखाद्याने शिक्षण सोडले किंवा त्याहून वाईट काही घडले, की मग चौकशी सुरू होते.

परदेशी विद्यार्थ्याची अडचण विमानतळावरून बाहेर पडताच सुरू होते. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर सर्वसाधारण नियमानुसार आगमनापासून १४ दिवसांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो, पण त्यासाठी निवासाचा पुरावा आणि संस्थेचे प्रमाणपत्र लागते. वसतिगृहाने मुक्कामाच्या माहितीचा फॉर्म २४ तासांत भरणे अपेक्षित असते. तो राहिला की पुढचे सगळे अडते. शिष्यवृत्ती जमा होण्यासाठी बँक खाते हवे, खात्यासाठी पत्ता आणि मोबाइल क्रमांक हवा, आणि मोबाइलच्या सिमकार्डासाठी पुन्हा पत्त्याचा पुरावा हवा. या चक्रात महिना-दीड महिना सहज जातो. तोवर खानावळीचे पैसे कोठून द्यायचे, हा प्रश्न कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात नसतो. ज्या विभागात एखादा वरिष्ठ विद्यार्थी पहिल्या आठवड्यात नव्या मुलाबरोबर बँकेत आणि कार्यालयात जातो, तेथे हेच काम दहा-बारा दिवसांत उरकते. यासाठी वेगळा निधी लागत नाही. कोणी जायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

आपल्याकडील मुलांना कागदपत्रांचा एवढा जाच नसतो, पण दिल्लीचे हवामान आणि भाषा त्यांनाही परकीच असते. गव्हाच्या पेरणीचा नोव्हेंबर हा येथे सर्वात दूषित हवेचा काळ. हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या वर गेला की श्रेणी ‘गंभीर’ होते, आणि नेमके तेव्हाच विद्यार्थी दिवसभर प्रक्षेत्रावर असतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलाने तो लपवू नये, आणि मार्गदर्शकाने त्या दिवसांत त्याला प्रयोगशाळेतील काम द्यावे. जानेवारीतील थंडी आणि मे महिन्यातील ४५ अंशांपर्यंत जाणारा पारा यांविषयी मी अधिक लिहीत नाही. रजई आणि पाण्याची बाटली या गोष्टी मुले लवकर शिकतात.

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याची एक अडचण मात्र बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. हरभऱ्यावरील घाटे अळी प्रयोगशाळेत वाढवायची तर एका नळीत एकच अळी ठेवावी लागते, कारण एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातात. हरभऱ्याच्या पिठापासून बनवलेले कृत्रिम खाद्य ठरावीक दिवसांनी बदलायचे, नळ्या स्वच्छ करायच्या, विषाणूची लागण झालेली अळी वेळीच बाजूला काढायची. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिनाभर हे चालते आणि मग पुढची पिढी सुरू होते. अळीला दिवाळी नसते. त्यामुळे ती वाढवणाऱ्यालाही नसते.

माझ्या पीएच.डी.च्या काळात, उत्तर भारतातील एका विद्यापीठात, माझ्याकडे अशा तीनशे नळ्या होत्या. त्या दिवाळीत वसतिगृह जवळजवळ रिकामे झाले होते. मला ताप भरला. दोन दिवस मी खोलीबाहेर पडले नाही आणि कोणाच्या ते लक्षातही आले नाही. तिसऱ्या दिवशी खानावळीतील स्वयंपाक्याने दार वाजवले. ‘मॅडम जेवायला आल्या नाहीत’ एवढेच त्याने टिपले होते. निदान डेंगीचे निघाले. मी बरी झाले, अळ्या मेल्या आणि प्रयोगाचे चार महिने वाया गेले. नंतर कार्यालयात मला विचारले गेले की मी रजेचा अर्ज का दिला नाही! आमच्या सापळ्यातील आठ पतंग त्या माणसाने मोजले होते, हे मला पुढे कळले. विद्यार्थी सलग तीन वेळा जेवायला न येणे, प्रयोगशाळेत रात्रीच तेवढे दिसणे, घरचे फोन न घेणे, ही मोजता येण्याजोगी लक्षणे आहेत. ती आधी दिसतात ती बहुधा खानावळीतल्या माणसांना, पहारेकऱ्यांना आणि प्रक्षेत्रावरील मजुरांना. ती कोणाला कळवायची, हे त्यांना सांगून ठेवलेले नसते.

दुसरा मुद्दा फवारणीचा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण कीटकनाशकांच्या चाचण्या घेणारा विद्यार्थीही पाठीवर पंप घेतो, हे आपण विसरतो. नवा, घरापासून दूर आणि मार्गदर्शकासमोर संकोचणारा मुलगा हातमोजे फाटले तरी मागत नाही. परदेशी विद्यार्थ्याला लेबलवरील हिंदी मजकूर वाचता येत नाही. म्हणून फवारणीला एकट्याने जायचे नाही, औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवायची, आणि अति घाम, लाळ, मळमळ किंवा अंधूक दृष्टी जाणवताच काम थांबवून लेबलसह रुग्णालय गाठायचे, हे नियम प्रयोगाच्या आराखड्यातच लिहिलेले असावेत. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो वसतिगृहाच्या भिंतीवर हवा, तसाच गावातील कृषी सेवा केंद्रातही हवा.

आणि घरच हरवले तर? भारताच्या साहाय्याने कंदाहार येथे कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्याच्या शैक्षणिक उभारणीत पुसा संस्थेचा मोठा वाटा होता आणि तेथील विद्यार्थी दिल्लीत शिकून गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधील सत्ता बदलली, तेव्हा भारतातील अनेक विद्यापीठांत अफगाण विद्यार्थी होते. येथे असलेल्यांचे घरून येणारे पैसे थांबले. कोविडकाळात मायदेशी गेलेल्यांचे हाल वेगळे होते. देशाबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा त्याच महिन्यात रद्द झाले आणि अर्ध्या प्रबंधाचे विद्यार्थी तिकडेच अडकले. व्हिसाचा निर्णय विद्यापीठाच्या हाती नसतो, हे मान्य. परंतु वसतिगृहातील मुक्काम वाढवणे, प्रबंधाची मुदत पुढे नेणे, दूरस्थ पद्धतीने मार्गदर्शन करणे हे त्याच्या हाती असते. अशा प्रसंगी काय करायचे, हे नियमावलीत आधीच असेल तर प्रत्येक अर्जावर दयेची भाषा लिहावी लागणार नाही.

मानसिक आरोग्याबाबत आता कायद्याचा आधार आहे. २५ जुलै २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. मात्र समुपदेशक नेमला म्हणजे मुले त्याच्याकडे जातात, असे माझे निरीक्षण नाही. मार्गदर्शकाचे कान तिखट असतील, अशी भीती त्यांना वाटते. समुपदेशकाची खोली विभागापासून दूर असावी, इतकी साधी गोष्टही फरक पाडते.

विस्तार कार्यकर्त्यांचा येथे संबंध कोठे येतो? कृषी पदवीच्या अंतिम वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी मुले आपल्याच गावांत येऊन राहतात. मुलींच्या मुक्कामाची आणि शौचालयाची सोय आधी पाहणे, आजारपणात कोणाला सांगायचे ते पहिल्याच दिवशी सांगणे, त्यांना केवळ फलक धरून छायाचित्र काढणारे पाहुणे न समजता शेतावर नेणे, हे कृषी विज्ञान केंद्रांना आणि प्रगतिशील शेतकऱ्यांना सहज जमण्याजोगे आहे. ज्यांची मुले दिल्लीला गेली आहेत त्यांना एक विनंती. फोनवर ‘गुण किती पडले’ याआधी ‘जेवलास का, कोणाबरोबर जेवलास’ हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून पुष्कळ कळते.

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर आता एक वही टांगलेली असते. कोण कधी रजेवर आहे आणि त्याच्या किडी कोण सांभाळणार, हे तीत लिहायचे. गेल्या दिवाळीत लातूरच्या मुलीच्या घाटे अळ्यांना इथिओपियाच्या विद्यार्थ्याने खाद्य दिले. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो. त्या दिवशीच्या रकान्यात त्याच्या नळ्यांपुढे तिचे नाव होते आणि खाली तिने लिहिले होते: ‘सर्व जिवंत, सहा कोषावस्थेत.’