विद्यापीठात विज्ञानसंवाद मंडळ काढायचंय? आधी प्रश्न गोळा करा

"आपल्याकडे विज्ञानसंवादाचं एखादं विद्यार्थी मंडळ सुरू करायचंय, काय काय लागेल?" गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या विभागांतल्या तीन-चार जणांनी मला हे विचारलं. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एक यादी तयारच असते: लोगो, इन्स्टाग्रामचं पान, उद्घाटनाला पाहुणे, टी-शर्ट. यातलं काही वाईट नाही. पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. आपण लोकांना काही सांगायला निघालोय, की त्यांच्याशी बोलायला? वरवर हे शब्दांचे खेळ वाटतात. विज्ञानसंवादाच्या अभ्यासात मात्र याच प्रश्नावर चाळीसेक वर्षं वाद चालू आहे. तो समजून घेतला तर मंडळाचं निम्मं काम आपोआप ठरतं.

१९८५ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने लोकांच्या विज्ञानविषयक समजेवर एक अहवाल काढला. बॉडमर अहवाल म्हणून तो ओळखला जातो. लोकांना विज्ञान अधिक समजलं पाहिजे आणि ते समजावणं ही वैज्ञानिकांचीही जबाबदारी आहे, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. चांगलीच गोष्ट. पण त्या काळातल्या अशा प्रयत्नांमागे एक गृहीतक होतं: लोकांकडे माहिती कमी आहे, म्हणून ते विज्ञानावर विश्वास ठेवत नाहीत, माहिती ओतली की विश्वास येईल. टीकाकारांनी याला 'डेफिसिट मॉडेल' म्हटलं. आपण त्याला 'रिकाम्या घड्याचा समज' म्हणू.

हा समज कुठे फसतो, याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या कम्ब्रिया भागातले मेंढपाळ. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. किरणोत्सारी सीझियम वाऱ्याबरोबर आलं आणि पावसाबरोबर कम्ब्रियाच्या डोंगरांवर उतरलं. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तज्ज्ञ म्हणाले, तीनेक आठवड्यांत सगळं ठीक होईल. चिकणमातीत सीझियम घट्ट धरून ठेवलं जातं आणि गवतापर्यंत फारसं पोचत नाही, हा त्यामागचा हिशोब. पण डोंगरावरची माती तशी नव्हती. ती आम्लधर्मी आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेली होती. तिथे सीझियम मोकळं राहिलं: मातीतून गवतात, गवतातून मेंढीत, मेंढीच्या लेंड्यांतून पुन्हा मातीत. बंदी लांबत गेली. काही शेतांवरचे निर्बंध तर २०१२ मध्ये उठले!

लँकेस्टर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या शेतकऱ्यांशी बोलून अभ्यास केला. त्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. बेंटोनाइट नावाची माती पसरली तर सीझियम कमी होतं का, हे बघायला वैज्ञानिकांनी कुंपण घातलेल्या तुकड्यांत मेंढ्या चारल्या. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, की मोकळ्या डोंगरावर फिरणारी मेंढी अशी कोंडली की खंगते. त्यामुळे तुमचे आकडे बिघडणार. कुणी ऐकलं नाही. पुढे तो प्रयोग गुंडाळावा लागला. म्हणजे अडचण शेतकऱ्यांच्या अज्ञानाची नव्हती. त्यांच्याकडे प्रयोगाला उपयोगी पडेल असं ज्ञान होतं, पण ते विचारायची सोयच नव्हती. पुढे २००० मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने विज्ञान आणि समाज यांवरच्या अहवालात एकतर्फी समजावण्यापेक्षा लोकांशी संवाद करण्यावर भर दिला.

आता हे आपल्या विद्यापीठात आणू. आपल्याकडे बहुतेक उपक्रम २८ फेब्रुवारीभोवती होतात. रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून हा राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. पोस्टर लागतात, शाळेची मुलं येतात, फोटो निघतात, १ मार्चला सगळं शांत. पोस्टर वाचून मुलाला काय प्रश्न पडला, याची नोंद कुठेच राहत नाही. ती नोंद ठेवणं हे मंडळाचं पहिलं काम.

याचा उत्तम नमुना आपल्याच मराठीत आहे. मुलं सही मागायला आली की जयंत नारळीकर त्यांना सांगायचे, पोस्टकार्डावर तुझा प्रश्न पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करेन. सहीच्या निमित्ताने प्रश्न विचारायला लावायचा! खर्च एका पोस्टकार्डाचा.

तर मंडळ प्रत्यक्षात कसं उभं करायचं? मला पटलेला क्रम असा.

पाच-सहा माणसं, पण वेगवेगळ्या विभागांतली. सगळे भौतिकशास्त्राचे असले तर एकमेकांचे जड शब्द कुणाला खटकतच नाहीत. भाषा, अर्थशास्त्र, पत्रकारिता यांतला किमान एक जण हवाच. "थांब, हे कळलं नाही" असं म्हणणारा सभासद सगळ्यात मोलाचा.

वयांची मिसळ. एमएस्सी दोन वर्षांची. युजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. मंडळ फक्त एमएस्सीवाल्यांचं असेल तर दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आणि नेटच्या तयारीत ते बंद पडतं. फक्त पीएचडीवाल्यांचं असेल तर सगळे एकदमच थिसिस लिहायला बसतात. प्रत्येक कामाला एक जुना आणि एक नवा अशी जोडी ठेवा, आणि सूत्रं जानेवारीतच सोपवा, म्हणजे विज्ञान दिन नव्यांच्या हातून होतो.

परवानगी आणि पैसा. एक प्राध्यापक सल्लागार म्हणून हवेत, नाहीतर वर्ग मिळत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळ असतं, तिथे एका पानाचा अर्ज द्या. सुरुवातीला खर्च चहा आणि खडूइतकाच ठेवा. मोठ्या बजेटवर उभं राहिलेलं मंडळ बजेट गेलं की बसतं.

महिन्यातून एक कट्टा, तोही मराठीत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली: तीन मिनिटं, एक स्लाइड. आपण स्लाइडही काढून टाकू. तीन मिनिटं बोलायचं आणि वीस मिनिटं प्रश्न घ्यायचे. श्रोत्यांत विभागाबाहेरची माणसं असलीच पाहिजेत: ऑफिसमधले कर्मचारी, मेसचे काका, वॉचमन.

उदाहरण देतो. आमच्याकडे एकीचं काम जिवाणूंच्या बायोफिल्मवर आहे. व्याख्या सांगितली तर कुणाच्या लक्षात राहत नाही. तिने सांगितलं, "सकाळी दात घासण्याआधी जिभेला दातांवर जो बुळबुळीत थर लागतो ना, तो म्हणजे जिवाणूंची वसाहत. स्वतःच बनवलेल्या चिकट द्रव्यात ते दाटीने राहतात, म्हणून औषधांना सहजी दाद देत नाहीत." कॅन्टीनच्या मावशींनी लगेच विचारलं, "मग पाण्याच्या टाकीला आतून लागतो तो थरही तसाच का? नुसतं पाणी ओतून तो का निघत नाही?" थर तसाच असतो, आणि घासल्याशिवाय का निघत नाही, हा तर तिच्या विषयाचा गाभाच. प्रश्न वहीत गेला. पुढच्या लेखाचा विषय तयार.

प्रश्नांची वही. दर कट्ट्याला आलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह लिहा. उत्तर नसेल तर योग्य विभागात जाऊन आणा आणि विचारणाऱ्याला परत सांगा. ही शेवटची पायरी गाळली तर पुन्हा रिकाम्या घड्याकडेच आलो म्हणायचं.

गाईडची शंका रास्त असते: "हे करत बसलास तर पेपर कधी लिहिणार?" महिन्यातून चार-पाच तास, एवढंच कबूल करा आणि पाळा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांच्या सोप्या भाषेतल्या लेखांसाठी 'अवसर' ही स्पर्धा सुरू केली, तेव्हा हे काम अगदीच 'टाइमपास' नाही, हेही सांगता येईल.

आपल्यातले कितीतरी जण मराठी शाळांतून आलेत आणि त्यांची फेलोशिप लोकांच्या करातून येते. तरी "काय करतोस रे तिकडे?" असं गावाकडे कुणी विचारलं की आपण "आहे काहीतरी केमिस्ट्रीचं" म्हणून विषय बदलतो. विचारणारा हळूहळू विचारणं सोडतो. मग एखाद्या साथीत किंवा दुष्काळात त्याला खरंच काही विचारायचं असतं, तेव्हा तो आपल्याकडे येत नाही, व्हॉट्सॲपकडे जातो.

तेव्हा लोगो राहू द्या. या आठवड्यात एक शंभर पानी वही आणा, मेसमध्ये जाऊन बसा आणि पहिले दहा प्रश्न लिहून घ्या. मंडळाची पहिली बैठक त्या दहा प्रश्नांवर घ्या.