पॅरानॉर्मल रोमान्स मालिकांतील सुखी दांपत्य : एक विवेचन

प्रस्तावना

प्रणयकादंबरी परंपरेने विवाहापाशी थांबते. अमेरिकन अभ्यासक पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या साहित्यप्रकाराची आठ आवश्यक अंगे सांगितली असून वाग्दान हे त्यांपैकी एक होय. नायक-नायिकेच्या मीलनातील अडथळा दूर झाला की कथेची मूळ प्रेरणा संपते. मग अनेक खंडांच्या मालिकेत विवाहानंतर सांगण्यासारखे काय उरते? व्हॅम्पायर, वृकमानव आणि रूप पालटणारे जीव यांच्या विश्वात घडणाऱ्या पॅरानॉर्मल रोमान्स मालिकांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहेत.

मालिकांचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात प्रत्येक कादंबरीत नवी जोडी येते. नलिनी सिंह यांच्या 'साय-चेंजलिंग' मालिकेतील पहिल्या कादंबरीचे (२००६) नायक-नायिका ल्यूकस आणि साशा पुढील खंडांत गौण पात्रे म्हणून येतात. कालांतराने ते मातापिताही होतात. त्यांचे सुस्थिर सहजीवन नव्या जोडीच्या सुखान्ताची जणू हमी ठरते. जे. आर. वॉर्ड यांनी मात्र 'डार्क लव्हर' (२००५) मधील रॅथ व बेथ या दांपत्याला 'द किंग' (२०१४) मध्ये पुन्हा केंद्रस्थानी आणले. तेथे अपत्य हवे की नको, हा पतिपत्नींमधील मतभेद कथेचा विषय होतो.

दुसऱ्या प्रकारात एकच जोडी अनेक खंडांतून विकसित होते. अशा मालिका बहुधा 'अर्बन फँटसी' म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी त्यांचा वाचकवर्ग बऱ्याच अंशी सामाईक आहे.

विवाहोत्तर संघर्षाचे स्वरूप

पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या मालिकेची नायिका मर्सी थॉम्पसन मोटार-मेकॅनिक असून कायोटीचे रूप घेऊ शकते. वृकमानवांचा प्रमुख अॅडम याच्याशी तिचा विवाह 'रिव्हर मार्क्ड' (२०११) मध्ये होतो आणि मधुचंद्राच्या प्रवासातच नदीतील राक्षसी जीवाशी सामना घडतो. संकट बाहेरून येत असल्याने कथा पुढे नेण्यासाठी दांपत्यात फूट पाडण्याची गरज उरत नाही. 'नाइट ब्रोकन' (२०१४) मध्ये अॅडमची घटस्फोटित पत्नी आश्रयासाठी त्यांच्याच घरी येते. येथे अलौकिक शत्रूइतकाच घरातील अवघडलेपणाही महत्त्वाचा ठरतो.

इलोना अँड्र्यूज या नावाने एक पती-पत्नी संयुक्त लेखन करतात. त्यांच्या केट डॅनियल्स मालिकेत 'मॅजिक ब्रेक्स' (२०१४) च्या अखेरीस केटला रूपांतरक्षम जीवांचा समूह सोडावा लागतो, तेव्हा करन आपले अधिपतिपद सोडून तिच्यासोबत जातो. 'मॅजिक बाइंड्स' (२०१६) मध्ये त्यांचा विवाह होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅजिक टाइड्स' मध्ये हे दांपत्य मुलासह विल्मिंग्टन येथे नवे बिऱ्हाड थाटताना दिसते. नायकाचे सामर्थ्य येथे सत्तेच्या त्यागातून सिद्ध होते.

नियत जोडीदार : एक पेच

या विश्वांत जोडीदार पुष्कळदा नियतीने किंवा जैविक बंधाने ठरलेला असतो. बंधच सारे ठरवत असेल, तर निष्ठा ही निवड कशी मानावी, असा आक्षेप घेता येतो. पतीचा मालकीहक्क प्रेमाच्या नावाखाली झाकला जाण्याचा धोकाही येथे संभवतो. ब्रिग्ज यांच्या 'स्मोक बिटन' (२०२०) मध्ये याच पेचाचा वेध घेतलेला आढळतो. अॅडम स्वतःतील विकृतीच्या भयाने मर्सीशी असलेला मानसिक बंध बंद करतो. जादूचा आधार तुटल्यावर संवाद आणि विश्वास यांवरच दांपत्याची भिस्त राहते.

समारोप

वरील उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, अलौकिक बंध जोडी जुळवू शकतो. संसार मात्र दोघांनाच उभा करावा लागतो. सत्ता, अपत्य, पूर्वायुष्य आणि संकटातील निर्णय यांची वाटणी पुनःपुन्हा ठरवावी लागते. या मालिकांतील सुख संघर्षाच्या अभावावर अवलंबून नाही. ते या वाटाघाटीच्या सातत्यावर उभे आहे. विवाह हा कथेचा शेवट मानणाऱ्या प्रणयकादंबरीच्या परंपरेत या मालिकांनी घातलेली महत्त्वाची भर ती हीच होय.