विश्लेषण : हेअर ट्रान्सप्लांटनंतर लावलेले केसही का गळतात? टाळू भरून यायला किती वेळ लागतो?

दहा-बारा दिवसांत खपल्या पडतात, डोके स्वच्छ दिसू लागते आणि महिनाभरात लावलेले केसच झडायला लागतात. पैसे पाण्यात गेले, असे वाटून अनेक जण याच टप्प्यावर पुन्हा क्लिनिक गाठतात. प्रत्यक्षात ही गळती अपेक्षितच असते.

टाळूला नेमके काय होते?

डोक्याच्या मागच्या भागातील केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत आणि जागा बदलली तरी हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडले. ‘एफयूटी’मध्ये तिथल्या त्वचेची पट्टी काढून टाके घालतात, रेषेसारखा व्रण राहतो. ‘एफयूई’मध्ये साधारण एक मिलिमीटरच्या पंचने एकेक मूळ काढतात. ‘व्रणच राहत नाही’ ही जाहिरात मात्र खरी नाही. बारीक पांढरट ठिपके राहतात, केस अगदी बारीक कापले की ते दिसतात. शिवाय काढलेले मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. दोन हजार ग्राफ्ट म्हणजे मागे दोन हजार छिद्रे आणि पुढे तेवढ्याच चिरा.

मग केस गळतात का?

लावलेल्या मुळाला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूला झिरपणाऱ्या द्रवावर ते तगते, मग बारीक रक्तवाहिन्या जोडल्या जातात. म्हणूनच पहिल्या आठवड्यात खाजवणे आणि हेल्मेट टाळायला सांगतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरू शकते, ती ओसरते. या धक्क्याने मूळ विश्रांतीच्या अवस्थेत जाते आणि दोन ते आठ आठवड्यांत वरचा केस गळतो. मूळ आतच असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवा केस येतो, पूर्ण परिणाम दिसायला वर्ष लागते. टाळूचा बधिरपणाही काही महिने राहू शकतो.

धोका कधी?

पू, ताप, वाढती वेदना किंवा त्वचा काळी पडणे, यापैकी काहीही दिसल्यास थांबू नये. अतिदाट लावणीने रक्तपुरवठा तुटून त्वचा मरू शकते. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका अधिक.

शस्त्रक्रिया कोण करतो, हेही विचारायला हवे. यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे.