आवाजाची परीक्षा, नागपूरच्या उन्हाळ्यात

खिशात मावणारा म्युझिक प्लेअर घ्यायला कोणी नागपूरच्या बर्डी बाजारात गेले की काउंटरवर दोन गोष्टी पुढे येतात: खोक्यावर छापलेले आकडे आणि दुकानदाराने लावलेले एखादे दणदणीत गाणे. आकडे मोठे आणि गाणे जोरात, मग वस्तू चांगली, असे गृहीत धरून व्यवहार उरकतो. या दोन्ही गोष्टींवरून प्लेअरविषयी फार थोडे कळते. प्लेअरची खरी परीक्षा तीन अटींवर होते: तुलना करताना दोन्ही यंत्रांच्या आवाजाची पातळी सारखी हवी, कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसावे, आणि गाणी व जागा त्याची नेहमीची असावी. या अटी पाळून ऐकले की एक गोष्ट लक्षात येते. बऱ्यापैकी बनवलेल्या दोन प्लेअरांच्या ध्वनीतला फरक बहुतेकांना वाटतो त्याहून कितीतरी लहान असतो आणि वापराच्या सोयीतला फरक कितीतरी मोठा. म्हणून निवड करताना सोयीला आज मिळते त्याहून बरेच जास्त वजन मिळाले पाहिजे.

पातळीची अट पहिली, कारण ती मोडली की पुढचे सगळे ऐकणे वाया जाते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिले की हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज बराच कमी ऐकू येतो. पातळी वाढवली की तो भरत जातो. त्यामुळे दोन प्लेअरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो अधिक भरदार वाटतो, आणि ऐकणारा त्या भरदारपणाला दर्जा समजतो. यावर उपाय अवघड नाही. एकसुरी ध्वनीची फाईल दोन्ही प्लेअरांवर लावायची, इयरफोन जोडलेला ठेवून मीटरने व्होल्टेज मोजायचे आणि दोन्हीकडचे आकडे एक-दोन टक्क्यांच्या आत जुळवायचे. मग दुसऱ्या माणसाने पडद्याआड बसून यंत्रे बदलायची आणि ऐकणाऱ्याने कोणते वाजते आहे ते ओळखायचे. सोळा वेळा विचारून बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. आठ-नऊच बरोबर आली, तर उघड्या डोळ्यांनी जाणवलेला फरक कानांना सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ऐकायचे काय, हाही विचारपूर्वक ठरवण्याचा प्रश्न आहे. एमपी3 घडवणाऱ्यांपैकी एक, जर्मनीचे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी आपली पद्धत पारखताना सुझान व्हेगा या गायिकेचे साथीविना गायलेले गाणे पुन्हा पुन्हा वापरले. वाद्यांच्या गर्दीत दोष लपतात, एकट्या गळ्यात ते उघडे पडतात. आपल्याकडे हे काम तबला सुरू होण्यापूर्वीचा आलाप चोख करतो. मागे तंबोरा असतो आणि त्याच्या जवारीतून उमटणारे वरचे स्वर सतत झंकारत राहतात. ते खरखरीत किंवा पाण्याखालून आल्यासारखे वाटले तर काहीतरी बिघडले आहे. टाळ आणि चिपळ्या दुसरी कसोटी घेतात. फाईल फार आवळलेली असेल तर आघाताच्या आधीच त्याची फिकट सावली ऐकू येते आणि ठोक्याची धार जाते. डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्टीची परीक्षा घेतो: मींड सरकताना स्वर सलग ऐकू यायला हवा, नुसती धपधप नको. मात्र यातले बरेच दोष प्लेअरच्या माथी मारले जातात आणि असतात फाईलचे. सीडीवर दर सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट माहिती असते. 128 किलोबिटच्या एमपी3मध्ये तिचा अकरावा हिस्सा उरतो. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरत आलेली, मध्येच कोणीतरी पुन्हा आवळलेली गाणी महागड्या यंत्रातही सुधारत नाहीत. आधी फाईल तपासावी, मग इयरफोन, आणि शेवटी प्लेअरवर संशय घ्यावा.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांचा हिशेबही या क्रमाने लावता येतो. सीडीचा सेकंदाला 44,100 नमुन्यांचा वेग 22 हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी पकडतो. निरोगी तरुण कानाची वरची मर्यादा 20 हजारांच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येते. 192 हजारांचा वेग त्यापलीकडे जे देतो ते माणसाला ऐकूच येत नाही. त्यात आपल्या आवडीची कितीतरी गाणी जुनी आहेत. 1937 साली निधन पावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर मुळात जे उमटलेच नाही, ते नवी फाईल कुठून आणणार? सोळा बिटांच्या ध्वनीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यात सुमारे 96 डेसिबलचे अंतर मावते, आणि नागपुरात मार्च ते जून खिडकीतला कूलर चालू असला की त्यातले खालचे मजले त्याच्या घरघरीत बुडून जातात. काही आकडे मात्र खरोखर कामाचे आहेत आणि तेच खोक्यावर क्वचित सापडतात. प्लेअरच्या निर्गमाचा रोध (आउटपुट इम्पीडन्स) हा त्यातला एक. तो इयरफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, म्हणजे 16 ओहमच्या इयरफोनसाठी 2 ओहमच्या आत. नाहीतर काही इयरफोनांमध्ये खर्ज-तारेचा तोल बदलतो. दुसरे, गाणे थांबलेले असताना येणारी सूं. संवेदनशील इयरफोन लावून शांत खोलीत ती कोणालाही पारखता येते.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. तयारीचा कान सामान्य माणसाला न कळणारे ऐकतो, तेव्हा बहुतेकांना फरक कळत नाही म्हणून फरक नाहीच असे कसे म्हणावे? नागपूर हे तयारीच्या कानांचे गाव आहे. इथे शंकरराव सप्र्यांच्या शिकवणीतून वसंतराव देशपांडे घडले आणि 1948 पासून आकाशवाणीच्या नागपूर केंद्राने घरोघरी संगीत पोचवले. ज्याला स्वर केसभर उतरलेला कळतो त्याच्या कानावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण झाकून घेतलेली परीक्षा या कानाच्या विरोधात नाही. त्याचे कौशल्य निर्विवाद सिद्ध करणारी तीच एक जागा आहे. नाव आणि किंमत दिसली की मत झुकते, मग ऐकणारा नवखा असो की उस्ताद. दुसरा आक्षेप असा, की अशा परीक्षेत तुकडे फार छोटे असतात आणि खरा फरक आठवडाभर ऐकल्यावर मुरत जातो. तसे असेल तर आठवडाभर ऐकावे. यंत्र कापडी पिशवीत झाकलेले असावे आणि पातळी जुळवलेली असावी, इतकेच. अट काळाची नाही, न पाहता ऐकण्याची आहे.

सोयीचे महत्त्व या यंत्रांच्या इतिहासातच दिसते. 1998 साली कोरियाहून आलेल्या पहिल्या एमपी3 प्लेअरमध्ये 32 मेगाबाइट जागा होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. त्यातून निवडायचे काय हा प्रश्नच नव्हता. 2001च्या आयपॉडमध्ये एक हजार गाणी मावू लागली आणि हवे ते गाणे सापडणे हेच मुख्य काम झाले. आयपॉडला लौकिक मिळाला त्यात अंगठ्याने फिरवायच्या चाकाचा वाटा मोठा होता. आपल्याकडचे ठळक उदाहरण सारेगामाच्या कारवाँचे. 2017 मध्ये आलेल्या या पेटीत पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेली होती, पुढे मराठी गाण्यांचीही आवृत्ती निघाली. इयरफोन लावून बारकावे शोधणाऱ्याने तिच्या स्पीकरची फार स्तुती केली नसती, आणि हवे ते एकच गाणे थेट लावण्याची सोयही मूळ यंत्रात नव्हती. तरीही ती घरोघरी पोचली, कारण मोठी बटणे होती, कलाकार निवडायला फिरकी होती आणि इंटरनेट लागत नव्हते. स्मार्टफोनच्या पडद्यावर बोट अडखळणाऱ्या आजी-आजोबांना कोणालाही न विचारता आपले गाणे लावता आले. जो ध्वनी माणसाला स्वतःहून सुरू करता येत नाही त्याच्या शुद्धतेचा त्याला काय उपयोग?

मराठी श्रोत्याच्या सोयीच्या अटी परदेशी परीक्षणांत सहसा येत नाहीत, म्हणून त्या आपणच तपासायला हव्यात. पहिली अट देवनागरीची. गाण्याची माहिती फाईलीतच नोंदवण्याच्या, 1996 साली ठरलेल्या पहिल्या आयडी3 पद्धतीत गाण्याच्या नावाला 30 बाइट दिलेले होते. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे त्या जागेत दहा चिन्हे मावणार, काना-मात्रा धरून. नंतरच्या पद्धतींनी ही अडचण दूर केली, तरी अनेक स्वस्त प्लेअरांच्या पडद्यावर आजही मराठी नावांच्या जागी चौकोन उमटतात. दुसरी अट यादीच्या क्रमाची. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतले तेच नाव, हे यंत्राच्या दृष्टीने तीन निराळे गायक असतात. तिसरी अट सलगतेची: विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाईलींत असतील तर दोहोंमध्ये क्षणाचाही खंड पडता कामा नये. आणि तासाभराचा राग किंवा कीर्तन अर्धे ऐकून बंद केले, तर पुन्हा चालू करताना ते तिथूनच सुरू झाले पाहिजे. तीन मिनिटांच्या गाण्यांसाठी आखलेल्या यंत्रात ही साधी गोष्ट अनेकदा नसते.

नागपूरचा उन्हाळा स्वतःच्या अटी घालतो. ॲपल आपल्या आयपॉडसाठी वापराचे तापमान 0 ते 35 अंश आणि बंद ठेवण्याची कमाल मर्यादा 45 अंश सांगत असे. मे महिन्यात इथे सावलीतला पारा 45च्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत काय होत असेल ते सांगायला नको. ती उष्णता लिथियम बॅटरीचे आयुष्य खाते, म्हणून बॅटरी बदलून मिळते का हा प्रश्न इथल्या ग्राहकाने किंमत विचारण्याआधी विचारावा. भर दुपारी पडदा वाचता येतो का, घामेजल्या बोटाने आणि खिशातल्या खिशात बटण चाचपून दाबता येते का, हेही पाहावे. घरात कूलर चालू असताना गाणे ऐकायला माणूस आवाज वाढवत जातो, आणि तिथे प्रश्न कानाच्या आरोग्याचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांनी 80 डेसिबलला आठवड्यात 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि पातळी चढते तशी ही मुदत झपाट्याने घटते. कानात घट्ट बसून बाहेरची घरघर अडवणारा इयरफोन कमी पातळीवर जास्त ऐकवतो. महागड्या प्लेअरवर खर्च करायचे पैसे त्यावर खर्च केले तर गाणे आणि कान दोन्ही सांभाळले जातात.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहार्य आहे: फोन असताना वेगळा प्लेअर हवाच कशाला? आयपॉडचे उत्पादन 2022 मध्ये थांबले ते याच कारणाने, आणि अनेकांसाठी फोन पुरेसा आहे हे मान्य करायला हवे. पण फोनवर आलापाच्या मध्ये निरोप येतात, नेटवर्क जाते, आणि ज्यांची नजर व बोटे थकली आहेत त्यांची तिथे दमछाक होते. ज्याला सलग ऐकायचे आहे आणि ज्याला सोप्या यंत्राची गरज आहे, या दोघांसाठी वेगळा प्लेअर आजही योग्य वस्तू आहे. तो घ्यायला जाल तेव्हा आपल्या ओळखीच्या चांगल्या फाईली आणि आपला इयरफोन बरोबर न्या. दोन यंत्रे निदान कानाने तरी सारख्या पातळीवर आणा, डोळे मिटा आणि बदलण्याचे काम दुसऱ्यावर सोपवा. फरक कळला नाही तर संकोच न करता स्वस्त यंत्राकडे वळा. आणि प्लेअर घरातल्या ज्येष्ठांसाठी असेल, तर त्यांनाच दुकानात न्या, यंत्र त्यांच्या हातात द्या आणि काहीही न सांगता एक गाणे लावायला सांगा. त्यांना ते लावता आले, तरच पैसे द्या.